डिप्रॅव्हिटीला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

शब्दपाखरू
मंडळी, गेले आठ दिवस एका शब्दापाशी अडून बसलेय. एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. (नाव सांगत नाही, हक्कांचं बोलणं अजून व्हायचंय.) प्रसंग असा. आईला विस्मरणाचा आजार. रोज संध्याकाळी ती विचारते, "हे अजून कसे आले नाहीत?" नवरा जाऊन सहा वर्षं झालीत. मुलगी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. मुलगा मात्र रोज तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतो आणि 'बाबा गेले' ही बातमी तिला नव्याने सांगतो. ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळते. तो बघत बसतो. एक दिवस बहीण दारातून हे पाहते. भाऊ म्हणतो, मी थकलोय गं, माझाही तोल जातो. त्यावर ती म्हणते, "धिस इज नॉट वीकनेस. धिस इज डिप्रॅव्हिटी."

सगळी कथा या एका शब्दावर तोललेली आहे आणि तोच मला सापडत नाहीये.

शब्दकोशांत भ्रष्टता, दुराचार, नीतिभ्रष्टता, अधःपतन असं सगळं मिळतं. 'भ्रष्टता' म्हटलं की हल्ली टेबलाखालून सरकणारं पाकीटच दिसतं. 'दुराचार' म्हटलं की वर्तमानपत्राचं आतलं पान. आणि 'ही नीतिभ्रष्टता आहे' असं कुठली बहीण भावाला म्हणेल? ती काय व्यासपीठावर उभी आहे?

तर प्रश्न दोन. एक, ईव्हल, विकेड वगैरे शब्दांपेक्षा डिप्रॅव्हिटी वेगळी कुठे पडते? दोन, बहिणीच्या तोंडी काय घालू?

निरागस_नाना
हरामखोरी. घ्या, सुटला प्रश्न. धागा बंद करा.

अर्धविराम
नाना, हरामखोरी म्हणजे काम न करता पगार खाणं. हा मुलगा तर रोज नेमाने काम करतोय. :)

मला 'विकृती' पहिल्या झटक्यात सुचला. "हा दुबळेपणा नाही, ही विकृती आहे." वाचायला पण चांगलं वाटतं.

कूर्मगती
विकृतीला माझं +१. आधी उच्चाराचं एक सांगून टाकतो, कारण बरेच जण 'डिप्रेव्हिटी' म्हणतात. विशेषण डिप्रेव्ह्ड, पण नाम डिप्रॅव्हिटी. ग्रेव्ह–ग्रॅव्हिटी, सेन–सॅनिटी, तसंच हे.

आता अर्थ. मूळ लॅटिन शब्द प्रावुस, म्हणजे वाकडा. 'डी' हा उपसर्ग पाहून बरेच जण खाली पडणं, घसरणं असं काहीतरी समजतात, आणि आपल्या कोशांतलं 'अधःपतन' बहुधा त्यामुळेच सुचत असावं. पण इथला डी जोर देणारा आहे. डिप्रेव्ह म्हणजे पार वाकवून टाकणं. पडलेला माणूस उठू शकतो. वाकलेली सळई सरळ करायची तर भट्टीतच घालावी लागते. शब्दपाखरूताई, तुमच्या कथेतली बहीण नेमका हाच फरक करतेय असं मला वाटतं. वीकनेस म्हणजे पाय घसरणं, डिप्रॅव्हिटी म्हणजे पायच वाकडा असणं.

तिरपागडे
कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. हजार वर्षांपूर्वी आमच्या पूर्वजांनी लॅटिन न शिकता डिप्रॅव्हिटीची व्याख्या करून ठेवलीय. (हलकेच घ्या.)

काळा_कोट
न्यायालयात हा शब्द सतत भेटतो म्हणून लिहितो. आधी त्याच्या जुळ्या भावाबद्दल, म्हणजे 'मॉरल टर्पिट्यूड'बद्दल. त्याला आपल्या कायद्यांच्या मराठीत 'नैतिक अधःपतन' हा शब्द रुळलेला आहे. "नैतिक अधःपतनाचा अंतर्भाव असलेला अपराध" हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की झोपेत म्हणू शकेन. गंमत म्हणजे टर्पिस या लॅटिन शब्दाचा अर्थ कुरूप, ओंगळ. तिथेही पडण्याचा काही संबंध नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे 1996 साली एक प्रकरण आलं होतं. सरकारी नोकरीतल्या एका खालच्या श्रेणीच्या कर्मचाऱ्याला अश्लील वर्तनाच्या कलमाखाली वीस रुपये दंड झाला, आणि तेवढ्यावरून 'नैतिक अधःपतन' म्हणून नोकरी गेली. न्यायालयाने त्याला परत घ्यायला लावलं. पण तसं करताना टर्पिट्यूडचा अर्थ सांगायला जी विशेषणं वापरली ती बघा: बेस, व्हाइल, डिप्रेव्ह्ड. म्हणजे एका अवघड शब्दाचा अर्थ सांगायला दुसरे तीन अवघड शब्द.

खुद्द डिप्रॅव्हिटी येते ती फाशीच्या चर्चेत. 1983 च्या मच्छी सिंग निकालात, कुठल्या खुनांना देहान्ताची शिक्षा असू शकते याचे जे वर्ग सांगितले, त्यात हेतूवरून ठरणारा एक वर्ग आहे. "टोटल डिप्रॅव्हिटी अँड मीननेस" दाखवणारा हेतू. उदाहरण दिलंय ते पैसे घेऊन खून करणाऱ्या मारेकऱ्याचं.

सानुनासिक
'टोटल डिप्रॅव्हिटी'?? हा तर कॅल्व्हिनपंथी ख्रिस्ती धर्मशास्त्रातला ठरलेला शब्दप्रयोग आहे! आणि तिथे अर्थ बरोब्बर उलटा. टोटल म्हणजे 'माणूस कमाल दुष्ट आहे' असं नव्हे. माणसाचा कुठलाही कोपरा, बुद्धी, इच्छा, भावना, या वाकडेपणातून सुटलेला नाही, इतकंच. बादलीभर पाण्यात शाईचा थेंब टाकला की सगळं पाणी जरा जरा निळं होतं, तसं. 1618–19 च्या डॉर्टच्या धर्मसभेत ज्या मुद्द्यांवर वाद झाला त्यातला हा एक. आणि हे सगळ्यांना लागू, खुन्याला आणि त्याला शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशालाही.

म्हणजे तेच दोन शब्द. धर्मशास्त्रात प्रत्येक माणसासाठी, न्यायालयात लाखातल्या एकासाठी.

काळा_कोट
@सानुनासिक, हे माहीत नव्हतं. दंडवत. पण तुमच्या मुद्द्याने न्यायालयाचीच अडचण उघडी पडते. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या कायद्यात फाशीसाठी 'डिप्रॅव्हिटी ऑफ माइंड' असे शब्द होते. 1980 साली गॉडफ्रे खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द केली. मुद्दा साधा होता. साधारण संवेदनशील माणसाला जवळजवळ कुठलाही खून 'अतिशय नीच' वाटेल. मग या शब्दाने वेगळं काय ठरलं? शब्द तिरस्कार व्यक्त करतो, मोजमाप देत नाही.

निरागस_नाना
म्हणजे मी म्हटलेली हरामखोरी कायदेशीरदृष्ट्या तितकीच अचूक आहे तर.

आजीबाईंचा_बटवा
नाना, तुम्ही ऐकणार नाही. :)

माझा एक खरा किस्सा. एका सेवाभावी संस्थेत कामाला होते. वंचित मुलांसाठीच्या प्रकल्पाला परदेशी देणगी मिळवायची म्हणून चाळीस पानी प्रस्ताव लिहिला. रात्री दोनपर्यंत जागून. 'डिप्राइव्ह्ड चिल्ड्रन' लिहायचं होतं. संगणकाने स्पेलिंगखाली लाल रेघ ओढली नाही, कारण शब्द इंग्रजीत आहेच. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत गेलं, "आम्ही बारा वर्षं डिप्रेव्ह्ड मुलांबरोबर काम करत आहोत." आतमध्ये अजून एकोणतीस वेळा. एकोणतीस मी नंतर मोजले.

समोरून उत्तर आलं, अत्यंत सभ्य. "मुलांच्या सद्यःस्थितीबद्दल थोडं अधिक सांगाल का?"

अर्धविराम
हसून हसून पुरेवाट!!! देणगी मिळाली का?

आजीबाईंचा_बटवा
मिळाली. पण संस्थेतले सगळे त्यानंतर कितीतरी महिने मला "तुमची दुष्ट मुलं कशी आहेत" असं विचारायचे.

गोठ्यातला_डॉक्टर
मी जनावरांचा डॉक्टर. भाषेतलं मला फार कळत नाही, पण हा शब्द आमच्या पुस्तकात आहे म्हणून आलो. 'डिप्रेव्ह्ड ॲपेटाइट.' माणसांत ज्याला पायका म्हणतात ते. जनावर खाऊ नये ते खायला लागतं. माती, चिंध्या, दोर, लाकूड, हाडं.

एकदा बघितलं की विसरता येत नाही. समोर चारा पडलेला असतो आणि गाय कोपऱ्यात मान वाकडी करून उभी. तोंडात आडवं धरलेलं वाळकं हाड, दातांवर घासल्याचा कर्र कर्र आवाज, लाळेची तार जमिनीपर्यंत. हाड ओढून काढलंत तर लगेच मान खाली घालून दुसरं शोधायला लागते. मालक म्हणतो, हिला काहीतरी बाहेरचं झालंय. मी म्हणतो, हिच्या अंगात फॉस्फरस कमी पडलंय.

दक्षिण आफ्रिकेत यावरूनच एक मोठं कोडं सुटलं. तिथे लॅमसिक्टे नावाच्या रोगाने गुरं लुळी पडून मरायची. अर्नोल्ड थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखळी शोधून काढली. जमिनीत फॉस्फरस कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून गुरं मेलेल्या जनावरांची हाडं चघळणार, त्या कुजक्या हाडांत बोट्युलिझमचं विष, आणि त्याने मरणार. गुरांना हाडांची भुकटी द्यायला लागल्यावर त्यांचं हाडं चघळणं कमी झालं.

आजीबाई, तुमचं स्पेलिंग इतकंही चुकलं नव्हतं म्हणायचं. आमची गाय डिप्राइव्ह्ड असते म्हणून डिप्रेव्ह्ड होते.

आजीबाईंचा_बटवा
डॉक्टर, हे वाक्य मला बारा वर्षांपूर्वी का नाही सुचलं!

मावळता_चंद्र
डॉक्टरांचा प्रतिसाद आवडला, पण शब्दपाखरूच्या प्रश्नाला तो धोकादायक आहे असं वाटतं. आणि त्याच कारणाने मला 'विकृती'ही नको वाटते.

विकृती म्हणजे मूळ प्रकृतीत झालेला बिघाड. शब्दाच्या अर्थात तो प्रावुसच्या अगदी जवळ आहे, मान्य. पण आज आपण तो दोनच ठिकाणी वापरतो. एक लैंगिक गुन्ह्यांच्या बातमीत आणि दुसरं मानसिक आजाराबद्दल बोलताना. बहिणीने 'ही विकृती आहे' म्हटलं की भावाला लगेच पळवाट मिळते. हो ना, मला मदतीची गरज आहे, मला डॉक्टरकडे ने. गाईकडे दोष नसतो, तिला भुकटी द्या. या माणसाला कुठली भुकटी देणार? इंग्रजी शब्द त्याला सुटू देत नाही. कुणी डिप्रेव्ह्ड आहे असं म्हणताना आपण त्याच्यावर उपचार सुचवत नसतो, त्याच्यावर आरोप करत असतो.

कूर्मगती
मुद्दा पटला. मी माझा +१ मागे घेतो. (इथे −१ ची सोय आहे का?)

ईव्हल आणि विकेडचं राहिलंच होतं. माझ्या समजुतीप्रमाणे: ईव्हल सगळ्यात पसरट. भूकंपालाही 'नॅचरल ईव्हल' म्हणणारे तत्त्वज्ञ आहेत, तिथे कर्ता लागतच नाही. विकेडला कर्ता लागतो, पण आता त्या शब्दाचे दात पडलेत. परीकथेतली सावत्र आई विकेड, आणि बोलीभाषेत 'विकेड' म्हणजे झकास. व्हिशस हा 'व्हाइस'पासून आलेला, पण आता चावणाऱ्या कुत्र्याला आणि दुष्टचक्रालाच उरलाय. नॉटीचं तर विचारूच नका. शेक्सपियरच्या काळी हा शब्द दुष्ट जगाला लावता यायचा, आज दोन वर्षांच्या पोराला लावतात. झिजले सगळे. डिप्रेव्ह्ड फारसा झिजला नाही. लाडाने कुणी कुणाला डिप्रेव्ह्ड म्हणत नाही.

तिरपागडे
आमच्या कॉलेजच्या ग्रुपात म्हणतात. रात्री तीनला कुणी घाणेरडा विनोद टाकला की "यू आर डिप्रेव्ह्ड, मॅन" आणि वर तीन हसरे चेहरे.

कूर्मगती
झिजायला सुरुवात झाली म्हणायची. :(

सानुनासिक
वाकडेपणावरून आठवलं आणि आता गप्प बसवत नाही. पसायदान! "जे खळांची व्यंकटी सांडो." व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, कुटिलपणा. डिप्रॅव्हिटीला इतका चपखल शब्द ज्ञानेश्वरांनी देऊन ठेवलाय आणि आपण कोश उघडून बसलोय. ते 'खळ मरोत' म्हणत नाहीत. व्यंकटी गळून पडो म्हणतात आणि लगेच पुढे "तया सत्कर्मी रती वाढो". रती, म्हणजे गोडी. वाईटाची गोडी सुटून चांगल्याची लागो.

संस्कृतात 'वृजिन' आहे. अर्थ वाकडं, आणि अर्थ पाप. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानाच्या नौकेने वृजिन तरून जाशील असं येतं. इंग्रजीत राँग हा पिळलेला या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दाशी नातं सांगतो, कायद्यातला टॉर्ट लॅटिन 'पिळलेला'पासून, क्रुक म्हणजे आकडा आणि चोरही. राइट म्हणजे सरळ. इतक्या भाषांना एकच चित्र सुचावं याची मला नेहमी मौज वाटते.

काळा_कोट
@सानुनासिक, वाचनखूण साठवली. पण बहिणीच्या तोंडी "ही व्यंकटी आहे"? वाचक म्हणेल व्यंकटी कोण, शेजारीण का?

निरागस_नाना
काळा कोट, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

रानजाई
बराच वेळ वाचतेय. 'वाकडं' हे चित्र मराठीत सगळ्यांना सारखं लागू नाही, हे कुणीच म्हटलं नाही. "वाकडं पाऊल पडलं" हे कुणाबद्दल म्हणतात आपल्याकडे? मी तरी ते बाईबद्दलच ऐकलंय. पुरुषाला 'नाद' लागतो. त्याला 'व्यसन' असतं, तो 'रंगेल' असतो. म्हणजे तिचा पाय वाकडा आणि त्याला बाहेरून काहीतरी लागलेलं.

इंग्रजीत कायद्याने हेच केलं. काळा कोट यांनी अश्लीलतेचा उल्लेख केला म्हणून विचारते, 'डिप्रेव्ह अँड करप्ट' हे शब्द तिथलेच ना?

काळा_कोट
हो, आणि तुमचा मुद्दा तिथे फारच बसतो. 1868 चा हिक्लिन खटला. मजकूर अश्लील कधी? ज्यांची मनं अशा प्रभावाला 'उघडी' आहेत त्यांना डिप्रेव्ह आणि करप्ट करण्याकडे त्याचा कल असेल तेव्हा. खटला होता एका कॅथलिकविरोधी पत्रकावरचा, म्हणजे छापणाऱ्याला स्वतःला तो नीतीचंच काम करतोय असं वाटत होतं. ही कसोटी पुढे ब्रिटिश साम्राज्यात सगळीकडे गेली. इंग्लंडच्या 1959 च्या कायद्यात ते दोन शब्द राहिले, आपल्या दंड संहितेच्या कलम 292 मध्ये आले आणि आता नव्या न्याय संहितेच्या कलम 294 मध्येही आहेत.

डी. एच. लॉरेन्सच्या एकाच कादंबरीवर 1960 मध्ये लंडनच्या ज्यूरीने प्रकाशकाला निर्दोष सोडलं, आणि 1964 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती विकणाऱ्या पुस्तकविक्रेत्याला दोषी ठरवलं. लंडनच्या खटल्यात सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारलं होतं, हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकरांनी वाचलेलं तुम्हाला चालेल का? पुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये हिक्लिनची कसोटी बाजूला ठेवली आणि आजच्या समाजाची मानकं बघा असं सांगितलं.

रानजाई
तेच तर. वाकडं होण्याची भीती नेहमी बायकोची आणि नोकराची. वकील स्वतः ते पुस्तक पानापानाला खुणा करत वाचून आला असणार, तो मात्र सरळच राहिला.

अर्धविराम
हे जबरदस्त होतं, रानजाई.

शब्दपाखरू
बाप रे, मी दोन दिवस इकडे फिरकले नाही तर धागा कुठच्या कुठे. सगळ्यांचे आभार. माझं आत्तापर्यंतचं गणित सांगते.

विकृती: मावळता चंद्र यांनी बरोबर अडवलं. कथेत भाऊ 'मी थकलोय' म्हणत आजाराचीच ढाल पुढे करतोय. तिने विकृती म्हटलं तर ती ढाल स्वतःच त्याच्या हातात देईल.

वाकडेपणा: मूळ अर्थ हाच, पण आजच्या मराठीत तो फार हलका. "वाकड्यात शिरू नकोस", "वाकडं बोलतो" म्हणजे अडवणूक, तिरकसपणा. आईला रोज रडवणाऱ्या माणसाला वाकडा म्हणायचं?

क्रूरपणा: जवळचा. पण क्रूरपणा कृतीला चिकटतो. ती त्याच्या कृतीकडे बघत नाहीये, त्याच्या चेहऱ्याकडे बघतेय. मूळ कथेत दोन ओळी आहेत, त्याने खुर्ची जरा पुढे घेतली आहे आणि उजेड आईच्या तोंडावर पडावा म्हणून पडदा सरकवला आहे, अशा.

सध्या कच्च्या खर्ड्यात 'नीचपणा' टाकलाय. "हा दुबळेपणा नाही. हा नीचपणा आहे." बरं वाटतंय, पण अजून ठाम नाही.

रानजाई
पडद्याचा तपशील अंगावर आला.

नीचपणा नको, माझं मत. नीच म्हणजे खालचा, हलकट म्हणजे हलका, अधम म्हणजे सगळ्यात खालचा. आपल्या सगळ्या शिव्या उंचीच्या आहेत आणि ती उंची कुणी मोजली हे आपल्याला ठाऊक आहे. इंग्रजीतही तेच. व्हिलन म्हणजे मुळात मळ्यावर राबणारा माणूस. कथेतला भाऊ कुणाच्या खाली नाही, चांगला शिकलेला खुर्चीत बसलेला माणूस आहे. त्याचं वाईटपण त्याच्या पायरीत नाही.

निरागस_नाना
रानजाई, असं एकेक शब्द काढून घेतलात तर आम्ही भांडायचं कसं?

रानजाई
हरामखोर ठेवा तुम्ही. तो मी काढत नाही.

गोठ्यातला_डॉक्टर
मावळता चंद्र यांचं बरोबर होतं, गाईला दोष नसतो. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. फॉस्फरस पुरा पडला तरी काही जनावरं हाड सोडत नाहीत. कारण संपलेलं असतं. आता ती नुसती चव राहिलेली असते. आमच्याकडचे गुराखी त्याला एकच शब्द वापरतात. "हिला चटक लागलीय." आजार असेपर्यंत ते 'हिला झालंय' म्हणतात, नंतर 'चटक लागलीय' म्हणतात, आणि तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. मग त्यांना गाईचा राग येतो.

हा भाऊ पहिल्या दिवशी कदाचित खरंच थकून बोलला असेल. पडदा सरकवला त्या दिवशी नाही.

मावळता_चंद्र
.
(टिंब अशासाठी की मला उठून जरा फेरी मारून यावं लागलं.)

सानुनासिक
आणि रती म्हणजे गोडी! ज्ञानेश्वरांनी व्यंकटीला उतारा म्हणून रतीच का मागितली ते डॉक्टरांनी सांगितलं. चुकीच्या गोष्टीची चव लागणं हाच वाकडेपणा. मी माझी व्यंकटी मागे घेतो, चटकला पाठिंबा.

कूर्मगती
चटक छान आहे, पण एक शंका. चटक वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात गोड अर्थानेही येते. पत्त्यांची चटक, गप्पांची चटक. डिप्रॅव्हिटीचं वजन येईल का? इंग्रजी वाक्यात चार अक्षरी लॅटिन शब्द शेवटी दगडासारखा पडतो.

आजीबाईंचा_बटवा
मला वाटतं हलका आहे म्हणूनच लागेल. घरातल्या भांडणात मोठे शब्द येतात तेव्हा समोरचा सावध होतो. साधा शब्द आला की तो गप्प होतो. आमच्या घरी एकदा कुणी कुणाला फक्त "तुला बरं वाटलं ना?" एवढंच विचारलं होतं. त्यानंतर ते दोघं चार वर्षं बोलले नाहीत.

अर्धविराम
म्हणजे नाम सोडूनच द्यायचं? डिप्रॅव्हिटी हे नाम, चटक लागणं ही क्रिया. अनुवादात एवढी सूट चालते?

शब्दपाखरू
चालते, संपादक झोपेत असला तर. :)

खरं सांगायचं तर आठ दिवस मी नामच शोधत होते आणि तिथेच चुकत होते. आपण भांडताना भाववाचक नामं वापरत नाही. 'तू असं करतोस', 'तुला असं होतं' म्हणतो. काल रात्री तो परिच्छेद परत लिहिला. आत्ता असा आहे:

"मी थकलोय गं," तो म्हणाला. "माझाही तोल जातो."
तिने पडद्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.
"हा दुबळेपणा नाही. तुला चटक लागलीय."

काळा_कोट
यावर युक्तिवाद नाही.

निरागस_नाना
हरामखोर शेवटी जोडा हो एक. वाक्य पूर्ण होईल.

तिरपागडे
नानांना चटक लागलीय.

सानुनासिक
एक बारीक गोष्ट. ती चिडलेली आहे, इतका घडीव 'दुबळेपणा' म्हणेल का? "हे थकणं नाही" बरं वाटेल, त्याचाच शब्द त्याला परत. आणि 'लागलीय' की 'लागलीये'? पुस्तकभर एकच ठेवा, परवा तुमच्याच जुन्या अनुवादात दोन्ही दिसले.

शब्दपाखरू
"हे थकणं नाही." घेतलं. लागलीय-लागलीयेचं मुद्रितशोधक बघेल, तो मी नाही. :)